आधी होकार, मग पैसा

डिसेंबर २०१८ मध्ये टॉम स्कॉट या ब्रिटिश यूट्यूबरच्या लक्षात आलं की आपल्या नावाने कोणीतरी परस्पर पैसे गोळा करतंय. ब्रेव्ह नावाच्या ब्राउझरमधून त्याचं चॅनेल उघडलं आणि टिपचं बटण दाबलं की पडद्यावर एक चौकट यायची. तिच्यात त्याचं नाव, त्याचा फोटो, स्वागताचे दोन शब्द आणि एक आवाहन: या क्रिएटरचं काम आवडत असेल तर टिप पाठवून त्याचे आभार माना. खाली रक्कम निवडायची बटणं. मजकूर कंपनीने लिहिलेला होता, पण वाचणाऱ्याला तो स्कॉटचाच वाटावा अशी सगळी मांडणी होती. स्कॉटने त्या कंपनीकडे कधी नाव नोंदवलेलं नव्हतं. त्याने जाहीर तक्रार केली, नाव आणि फोटो काढून टाका, ज्यांनी पैसे दिले त्यांचे परत करा अशी मागणी केली आणि या वाटेने दिलेलं काही माझ्यापर्यंत पोहोचणार नाही असं आपल्या प्रेक्षकांना बजावलं.

ब्रेव्ह ही रातोरात गाशा गुंडाळणाऱ्यांची कंपनी नव्हे. जावास्क्रिप्ट ही भाषा घडवणारे आणि मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक असलेले ब्रेंडन आइक तिचे प्रमुख. वेबवरच्या जाहिराती आणि पाळत ठेवणारे ट्रॅकर अडवायचे आणि त्यापायी क्रिएटरचं जे उत्पन्न बुडेल ते त्याला दुसऱ्या मार्गाने मिळवून द्यायचं, ही तिची मूळ कल्पना. कल्पना चांगलीच होती. २०१७ मध्ये त्यासाठी ‘बेसिक अटेन्शन टोकन’ हे डिजिटल चलन विक्रीला काढलं तेव्हा अवघ्या अर्ध्या मिनिटात सुमारे साडेतीन कोटी डॉलर उभे राहिले. एकूण दीडशे कोटी टोकनांपैकी तीस कोटी टोकन नवे वापरकर्ते जोडण्यासाठी राखून ठेवलेले होते. त्यातले थोडे वापरकर्त्यांना फुकट मिळत आणि ते आवडत्या क्रिएटरला टिप म्हणून देता येत. क्रिएटरने नोंदणी केलेली नसली तरी टिप स्वीकारली जाई आणि कंपनीकडे पडून राही. ठरावीक मुदतीत हक्क सांगायला कोणी आलं नाही तर ते टोकन पुन्हा राखीव साठ्यात वळवण्याची मुभा कंपनीने आपल्या अटींमध्ये स्वतःला देऊन ठेवली होती.

तक्रारीनंतर कंपनीने दुरुस्ती केली आणि ती लवकर केली, याचं श्रेय तिला द्यायला हवं. नोंदणी नसलेल्या क्रिएटरचा फोटो काढला. ‘यांनी अजून नोंदणी केलेली नाही’ असं स्पष्ट लिहिलं. टिप ही देणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये थांबेल आणि ९० दिवसांत क्रिएटर आला नाही तर देणाऱ्याला परत मिळेल, अशी व्यवस्था केली. मात्र या दुरुस्तीतून एक गोष्ट उघड होते: हे पहिल्या दिवसापासून करता आलं असतं. त्यात तांत्रिक अडचण कसलीच नव्हती. विचारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती, इतकंच.

मला या विषयावर जे म्हणायचं आहे ते थोडक्यात असं: ज्याच्या नावाने पैसे घ्यायचे त्याचा होकार मिळाल्याशिवाय देणाऱ्याच्या खिशातून एक पैसाही हलता कामा नये. होकार आधी, पैसा नंतर. पैसे आधी गोळा करून, मग ‘तुमचे पैसे आमच्याकडे आहेत, या आणि घेऊन जा’ असं सांगणं हा उपकार नव्हे. दुसऱ्याच्या नावावर उभा केलेला तो धंदा आहे, आणि त्या धंद्यात ज्याचं नाव आहे त्यालाच काही विचारलेलं नसतं.

हा एका कंपनीचा अपघात असता तर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण दर दोन-तीन वर्षांनी हेच नाटक नव्या नटसंचात होताना दिसतं. २०१४ च्या सुमारास टिप-फॉर-कमिट नावाच्या सेवेने ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, प्रकल्पांसाठी बिटकॉइन जमा करायला सुरुवात केली. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरच्या कुठल्याही प्रकल्पाच्या नावे कोणीही बिटकॉइन टाकावेत आणि त्या प्रकल्पात जो कोड भरेल त्याला साठ्यातला साधारण एक टक्का टिप म्हणून निघावा, अशी योजना. प्रकल्प चालवणाऱ्यांना विचारण्याची पद्धत नव्हती. कोड लिहिणाऱ्याला थेट मेल जायची की तुम्हाला टिप मिळाली आहे. आमचा प्रकल्प यादीतून काढा असं अनेकांना लिहून सांगावं लागलं. त्यांची तक्रार समजण्यासारखी होती. प्रत्येक कोडच्या तुकड्यावर बक्षीस लागलं की लोक उपयोगाचं काम सोडून बक्षीस मिळेल तसं काम करू लागतात, आणि प्रकल्पाच्या आतलं वातावरण बिघडतं. कामाला पैसा कसा जोडायचा हा निर्णय त्या प्रकल्पाचा असतो. तो बाहेरच्या कोणीतरी परस्पर घेऊन टाकला होता.

२०२१ च्या मार्चमध्ये बिटक्लाउट नावाचं क्रिप्टो-समाजमाध्यम आलं. ट्विटरवरच्या सुमारे पंधरा हजार नामवंतांची प्रोफाइलं त्यांनी न विचारता उचलली आणि प्रत्येकाच्या नावाचं एक नाणं बाजारात आणलं. लोकांनी ती नाणी विकत घ्यायची, भाव चढेल उतरेल, आणि खऱ्या माणसासाठी काही हिस्सा राखून ठेवलेला. तो मिळवायचा तर त्या माणसाने स्वतःच्या ट्विटर खात्यावरून ठरावीक मजकुराचं ट्विट करायचं. म्हणजे माझं नाव ताब्यात घ्यायचं असेल तर मी आधी तुमची जाहिरात करायची! सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली श्येन लूंग यांनाही जाहीरपणे सांगावं लागलं की माझं नाव आणि फोटो माझ्या परवानगीशिवाय वापरला आहे आणि तो काढावा. पंतप्रधानाचं म्हणणं बातमीत येतं. त्या पंधरा हजारांतल्या कमी प्रसिद्ध माणसाला ते कोणाला सांगायचं हेही ठाऊक नसतं. पुढच्याच वर्षी हिटपीस नावाच्या साइटने असंख्य गायक-वादकांची गाणी न विचारता एनएफटी, म्हणजे मालकीची डिजिटल प्रमाणपत्रं, म्हणून विक्रीला मांडली. कलाकार खवळले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती साइट बंद ठेवावी लागली. तिथेही बचाव ठरलेलाच होता: कलाकारांना त्यांचे पैसे मिळणारच होते.

आणि अगदी अलीकडे, २०२५ च्या ऑक्टोबरात, गोफंडमी या जगातल्या सर्वांत मोठ्या वर्गणी-मंचांपैकी एकाने अमेरिकेतल्या सुमारे चौदा लाख सेवाभावी संस्थांची देणगी-पानं स्वतःच तयार करून ठेवल्याचं समोर आलं. माहिती सरकारी नोंदींतून घेतलेली. बऱ्याच संस्थांना आपलं असं काही पान आहे हे बाहेरून कळलं. त्या पानावर देणगीच्या वर कंपनीसाठी वेगळी टिप सुचवली जात होती, आणि लोक शोधायला गेले की संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटऐवजी हेच पान समोर येईल अशी रास्त भीती संस्थांना वाटली. बोभाटा झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि यापुढे संस्थेने होकार दिला तरच पान दिसेल असं जाहीर केलं. सात वर्षांपूर्वी ब्रेव्ह ज्या ठिकाणी येऊन पोहोचली होती, नेमकं त्याच ठिकाणी. मधल्या काळात कोणी काही शिकलं नाही असं म्हणावं, तर ते पटत नाही. या कंपन्यांत हुशार माणसं असतात. आधी करून टाकायचं आणि ओरड झाली तर माफी मागायची, हे आधी विचारण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे त्यांना नीट कळलेलं आहे.

ते स्वस्त का पडतं ते जवळून पाहिलं पाहिजे. मी एक छोटं मोफत सॉफ्टवेअर सांभाळतो. पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे की आम्ही पैसे घेत नाही. असं असताना एक दिवस मेल आली: तुमच्या कामाच्या एका चाहत्याने तुमच्यासाठी काही रक्कम ठेवली आहे, ती घेण्यासाठी खातं उघडा. रक्कम अगदीच किरकोळ. ती घ्यायची तर सरकारी ओळखपत्राचा फोटो, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल नंबर आणि वॉलेट असं सगळं द्यायचं होतं. मी उत्तर पाठवलं की मला पैसे नकोत, ज्याचे असतील त्याला परत द्या आणि माझ्या नावाचं पान काढा. उत्तर आलं की पान काढायचं असेल तर ते तुमचंच आहे हे आधी सिद्ध करा, आणि त्यासाठी खातं उघडा. पैसे कोणी दिले ते मात्र सांगता येणार नव्हतं, त्याच्या खासगीपणाचा प्रश्न होता.

या एका मेलमध्ये सगळी रचना दिसते. चाहत्याची किरकोळ रक्कम हे आमिष आहे. त्या आमिषाने मला खातं उघडायला लावायचं आहे, कारण नव्या प्लॅटफॉर्मची सगळ्यात मोठी अडचण हीच असते की क्रिएटर नाहीत म्हणून देणारे येत नाहीत आणि देणारे नाहीत म्हणून क्रिएटर येत नाहीत. हा पेच सोडवायचा सरळ मार्ग म्हणजे एकेका क्रिएटरला भेटून पटवणं. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि बरेच जण नाही म्हणतात. आडमार्ग असा की सगळेच क्रिएटर आपल्याकडे आहेत असं पहिल्या दिवसापासून दाखवायचं. देणारा येतो, आपल्या आवडीचं नाव बघतो, त्याला वाटतं हा प्लॅटफॉर्म भरलेला आहे. तो पैसे टाकतो. आता क्रिएटरला सांगायला कारण मिळालं: तुमचे पैसे वाट बघताहेत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. पुण्य प्लॅटफॉर्मच्या खात्यात, नाव आपलं, पैसे तिसऱ्याचे.

शिवाय जे पैसे कोणी न्यायला येत नाही ते कुठेतरी पडून असतात. हजारो नावांवरच्या छोट्या छोट्या रकमा एकत्र आल्या की तो साठा लहान राहत नाही. तो कोणाच्या ताब्यात आहे, त्यावरचं व्याज कोण खातं, कंपनी बुडाली तर त्याचं काय होतं, याची उत्तरं बहुतेक वेळा अटींच्या पानांत कुठेतरी दडलेली असतात किंवा नसतातच. टोकनच्या बाबतीत तर आणखी एक फायदा: टिप देण्यासाठी लोक टोकन वापरतात, मागणी दिसते, आणि त्या टोकनचा मोठा साठा कंपनीकडेच असतो.

देणाऱ्याला मला दोष द्यायचा नाही, उलट सगळ्यात जास्त वाईट त्याच्याबद्दलच वाटतं. कोणाच्या तरी कामाने आपला दिवस बरा गेला, काही शिकायला मिळालं, त्याचं काहीतरी देणं लागतो असं वाटून माणूस हात खिशात घालतो, ही इंटरनेटवर उरलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. टिप देऊन झाल्यावर त्याच्या मनातून तो विषय संपतो. आपण आपलं केलं, असं त्याला वाटतं. पैसे पोहोचले नाहीत हे त्याला कळत नाही, म्हणून तो दुसऱ्या खात्रीच्या मार्गाने ते पुन्हा पाठवणार नाही. क्रिएटरने स्वतः उघडलेली देणगीची खिडकी असेल तर तिच्याकडे येणारा हा माणूस मधल्या मधे अडवला गेला. क्रिएटरचं हे नुकसान कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. आणि देणाऱ्याची ओळख कंपनीलाही कळू नये अशी रचना असेल, तर एरवी चांगली असलेली ती गोष्ट इथे उलटते. कोणाचे पैसे कोणाला परत करायचे?

सेवाभावी संस्थांच्या बाबतीत असं प्रकरण चव्हाट्यावर आलेलंच आहे. पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या कंपनीच्या देणगी-निधीवर २०१७ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. तक्रार अशी होती की लोक विशिष्ट संस्था निवडून देणगी देतात, पण त्या संस्थेने पेपालकडे आवश्यक खातं उघडलेलं नसेल तर पैसे तिथे पोहोचत नाहीत, दुसऱ्या संस्थेकडे वळवले जाऊ शकतात, आणि हे देणाऱ्याला नीट सांगितलेलं नसतं. जानेवारी २०२० मध्ये वीसहून अधिक राज्यांच्या ॲटर्नी जनरलशी समझोता झाला आणि देणाऱ्याला या गोष्टी आधी स्पष्ट सांगायचं निधीने मान्य केलं. तिथे निदान एखादा सरकारी अधिकारी विचारायला होता. एकट्यादुकट्या क्रिएटरच्या वाट्याला असा कोणी येत नाही.

आता क्रिएटरची बाजू. ‘फुकटचे पैसे मिळताहेत, घ्यायला काय जातंय?’ हा प्रश्न मला बऱ्याच वेळा ऐकावा लागला आहे, आणि विचारणारे दुष्ट नसतात. त्यांना खरंच कळत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा एका व्याख्यानाला सभागृहाच्या दारात कोणी अनोळखी माणूस वक्त्याच्या नावाची पेटी घेऊन उभा राहिला. वक्त्याला पत्ता नाही. बाहेर पडणारे लोक पेटीत पैसे टाकताहेत. आतापर्यंत हा वक्ता मानधन न घेता बोलतो अशी त्याची ओळख होती. त्या संध्याकाळनंतर ती राहत नाही, आणि लोकांना त्याने काही सांगण्याआधीच ती गेलेली असते. इंटरनेटवर क्रिएटरजवळ जमा असलेली खरी पुंजी विश्वासाचीच असते. एखादी पत्रकार कोणाकडूनही पैसे न घेण्याचं पथ्य पाळते. एखादा समीक्षक ज्या वस्तूंबद्दल लिहितो त्या क्षेत्राशी निगडित कुठल्याही पैशापासून दूर राहतो. एखादी डॉक्टर आरोग्याची माहिती देते आणि मला यातून काही मिळत नाही असं प्रत्येक व्हिडिओत सांगते. यांच्या चेहऱ्याखाली ‘टिप द्या’ असं बटण लागलं की बघणाऱ्याच्या मनात किंतु येतो. तो खुलासा मागायला येत नाही. तो मनातल्या मनात एक आकडा कमी करतो आणि पुढे जातो.

काहींना तर पैसे घेता येतच नाहीत. सरकारी नोकरीत असलेल्यांवर बाहेरच्या उत्पन्नाची बंधनं असतात. परदेशात विद्यार्थी म्हणून राहणाऱ्याच्या व्हिसाच्या अटी असतात. कंपनीच्या करारात बाहेरचं मानधन घेणार नाही असं कलम असतं. कोणी अल्पवयीन असतं. कोणी टोपणनावाने लिहीत असतं, कारण खरं नाव बाहेर आलं तर नोकरी जाईल किंवा जीवावर बेतेल. ‘तुमचे पैसे न्या, फक्त ओळखपत्र पाठवा’ हे अशा माणसाला आमिष नसून धोका आहे. करविषयक प्रश्न वेगळाच. ज्या पैशाबद्दल मला माहीत नाही, जो मी मागितला नाही, पण माझ्या नावावर कुठल्यातरी खात्यात दिसतो आहे, त्याबद्दल उद्या कोणी विचारलं तर उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर येऊन पडते.

आणि या सगळ्याच्या पलीकडे, एखाद्याला पैसे नकोच असू शकतात. त्याला कारण द्यायची गरज नाही. मला माझं मोफत सॉफ्टवेअर मोफत ठेवायचं आहे, कारण पैसे आले की अपेक्षा येतात. दुरुस्ती कधी होणार असं विचारणाऱ्याचा सूर बदलतो. मी ते काम मोकळेपणाने करू शकतो ते कोणाचं देणं लागत नाही म्हणून. हा मोकळेपणा मी जाणूनबुजून निवडला आहे. माझ्या नावावर जमा झालेले पैसे मला हे सांगतात की माझ्या निवडीला काही किंमत नाही, कोणीतरी माझ्यासाठी माझ्याहून चांगलं ठरवलं आहे. टॉम स्कॉटच्या तक्रारीतला राग मला पूर्ण समजतो तो इथे.

याविरुद्धचा सर्वांत मजबूत युक्तिवाद टोकनवाल्यांकडून येत नाही, तो संगीताच्या क्षेत्रातून येतो. रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्था सभासद नसलेल्यांसाठीही पैसे गोळा करतात की नाही? करतात. अमेरिकेत २०१८ च्या संगीतविषयक कायद्यानंतर मेकॅनिकल लायसेन्सिंग कलेक्टिव्ह ही संस्था स्थापन झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये स्ट्रीमिंग कंपन्यांनी तिच्याकडे सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर सोपवले. हे सगळे पैसे असे होते की गाणं वाजलं, पण गीतकार-संगीतकार कोण याचा मेळ लागला नाही. युरोपीय संघानेही २०१९ च्या कॉपीराइट निर्देशात, काही अटींवर, सभासद नसलेल्यांच्या वतीने परवाने द्यायची वाट मोकळी ठेवली आहे. तिथे होकार आधी घेतलेला नसतो. मग टिप-मंचांनाच ही सक्ती कशासाठी?

कारण दोन पैशांची जातकुळीच वेगळी आहे. गाणं वाजवलं की मोबदला देणं लागतंच. निर्मात्याचा पत्ता सापडला नाही म्हणून ते देणं फिटत नाही, म्हणून कोणीतरी ते सांभाळून ठेवावं लागतं. न सांभाळलं तर निर्मात्याचं नुकसान होतं. टिपचं तसं नाही. ती देणाऱ्याची राजीखुशी आहे. ती गोळा न केल्याने कोणाचाही हक्क बुडत नाही, पैसे देणाऱ्याकडेच राहतात आणि तो ते हव्या त्या मार्गाने देऊ शकतो. दुसरं म्हणजे त्या संस्था कायद्याच्या चौकटीत चालतात. युरोपातल्या २०१४ च्या निर्देशानुसार वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत वाटप करायचं, हक्कदार न सापडल्यास शोधासाठी नेमकी कोणती पावलं उचलायची, आणि तीन वर्षांनी ती रक्कम वाटता न येण्याजोगी कधी ठरवायची, इथपर्यंत लिहिलेलं आहे. हक्क सांगण्यासाठी कोणालाही चाळता येईल अशी यादी ठेवावी लागते. या संस्थांच्या कारभाराबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. पण तक्रार करायला जागा आहे. कुठलीही संस्था एखाद्या संगीतकाराचा फोटो लावून ‘यांना मदत करा’ असं त्याच्या तोंडी घालत नाही, ही तर साधीच गोष्ट.

मधला मार्ग म्हणून ‘नको असेल तर कळवा, आम्ही नाव काढू’ असं सुचवलं जातं. वरवर समंजस वाटतं. पण असे किती प्लॅटफॉर्म आहेत, किती उद्या येणार आहेत, याची यादी क्रिएटरने ठेवायची का? प्रत्येकाकडे जाऊन नाही म्हणायचं, ते पाळलं जातंय की नाही ते बघायचं, आणि आपण नाही म्हटल्याचा पुरावा जपायचा. ज्याने काहीच केलं नाही त्याच्यावर हे ओझं आणि ज्याला फायदा व्हायचा आहे तो मोकळा, ही वाटणी मला कोणत्याही अंगाने न्याय्य वाटत नाही. गप्प राहणं म्हणजे होकार असं धरून कोणाच्याही नावाने पैसे मागता येऊ नयेत.

विचारणं फार अवघड असतं तर मी इतका हट्ट धरला नसता. पण विचारण्याच्या सोयी तयार आहेत आणि वर्षानुवर्षं चालू आहेत. २०१५ पासून फ्रान्समधून चालणारं लिबरापे बघा. अजून सभासद न झालेल्या व्यक्तीला देणगी द्यायची इच्छा तिथे नोंदवता येते. पण नोंद म्हणजे फक्त नोंद. एक पैसाही कापला जात नाही. ती व्यक्ती स्वतः येऊन सामील झाली तरच देणगी सुरू होते. चाहत्याची भावना पोहोचते, पैसा मात्र जागचा हलत नाही. गिटहबवर मे २०१९ पासून प्रायोजकत्वाची सोय आहे. प्रकल्पाचे मालक आपल्या कोडमध्ये एक छोटी फाइल ठेवतात, तिच्यात आपल्याला पैसे कुठे चालतील ते लिहितात, आणि मगच ‘प्रायोजक व्हा’ असं बटण दिसतं. वेब मॉनेटायझेशन नावाच्या प्रस्तावित मानकात वेबपानाच्या मालकाने आपल्या पानात एक ओळ घालायची असते. ती ओळ आहे तर पैसे वाहतील, नाही तर नाही. पॉडकास्टवाल्यांनी आपल्या फीडमध्ये, म्हणजे भागांची यादी देणाऱ्या फाइलमध्ये, अशीच खूण ठेवायची पद्धत पाडली आहे. चारही ठिकाणी होकार क्रिएटरच्या स्वतःच्या जागेवरून, त्याच्या स्वतःच्या हाताने येतो. बाहेरच्या कोणाला तो बनावट उभा करता येत नाही. हे इतकं सोपं असताना जो प्लॅटफॉर्म हे करत नाही, त्याने ते न करायचं ठरवलेलं असतं.

म्हणून हा प्रश्न कंपन्यांच्या सद्‌बुद्धीवर सोडू नये असं माझं ठाम मत आहे. कायदा इथे येऊ शकतो, आलेलाही आहे, पण दुसऱ्यांसाठी. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये ऑनलाइन देणगी-मंचांसाठी कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. काही अपवाद सोडता, संस्थेचं नाव वापरून देणगी मागायची तर तिची लेखी संमती हवी, आणि पैसे वेळेत पोहोचवायचे. त्याच राज्याने त्याआधी, २०२० मध्ये, घरपोच खाणं पोहोचवणाऱ्या ॲपना बंदी केली की रेस्तराँशी करार केल्याशिवाय त्याच्याकडून माल पोहोचवायचा नाही. ती ॲपही हेच करत होती, न विचारता रेस्तराँची नावं यादीत टाकत होती आणि चुकीच्या मेन्यूचा राग रेस्तराँवर निघत होता. सेवाभावी संस्थेला संरक्षण मिळालं, रेस्तराँला मिळालं. एकट्या माणसाला अजून मिळालेलं नाही. युरोपात जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचा आधार घेता येतो, अमेरिकेतल्या काही राज्यांत स्वतःच्या नाव-चेहऱ्याच्या व्यापारी वापरावरचा हक्क मानला जातो. पण दोन्हीसाठी वकील लागतो, आणि किरकोळ टिपसाठी वकील कोण करणार? नेमकी हीच गोष्ट या कंपन्यांच्या पथ्यावर पडते. प्रत्येकाचं नुकसान इतकं छोटं असतं की कोणी कोर्टाच्या दारात उभं राहत नाही.

कायद्यात मला हवं आहे ते फार नाही. व्यक्तीचं नाव किंवा चेहरा वापरून तिच्यासाठी पैसे मागण्याआधी तिची संमती, आणि ती दिल्याचा पुरावा दाखवायची जबाबदारी मंचावर. संमती नसताना घेतलेला पैसा देणाऱ्याला आपोआप परत, त्याने न मागता. आणि नाव काढून टाकायला खातं उघडायची अट घालता येणार नाही. यातलं शेवटचं कलम क्षुल्लक वाटेल, पण ज्याला ‘नको’ म्हणण्यासाठी आधी ओळखपत्र पाठवायला सांगितलं गेलं आहे त्याला ते तसं वाटणार नाही.

एक अडचण उरते आणि ती खरी आहे. काही लोक होकार देऊच शकत नाहीत. एखादा ब्लॉग लिहिणारा आता हयात नसतो. एखादं जुनं, अजून हजारोंच्या उपयोगी पडणारं सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं त्याचा ठावठिकाणा लागत नाही. कोणी निनावी राहून पानंच्या पानं लिहून गेलेलं असतं. त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटणाऱ्यांनी काय करावं? माझं उत्तर कठोर वाटेल, पण मी विचार करून देतो आहे: त्यांच्या नावाने काहीही गोळा करू नये. कोणी तो ब्लॉग जपून ठेवत असेल, ते सॉफ्टवेअर नव्या संगणकांवर चालतं ठेवत असेल, तर त्या माणसाला किंवा संस्थेला त्यांच्या स्वतःच्या नावाने, त्यांनी उघडलेल्या खात्यात पैसे द्यावेत. मूळ लेखकाचे वारस असतील तर त्यांना विचारता येईल, आणि ते नको म्हणू शकतील. कोणीच सापडलं नाही, तर ते पैसे देणाऱ्याकडेच राहू द्यावेत.